‘अनाकलनीय’ : शब्दाचा अर्थ, वापर आणि आपण शिक्षक



आजचा लेख एकाच शब्दाबद्दल आहे. शब्द तसा जुना आणि पुस्तकी. शिष्यवृत्तीच्या तयारीत ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ या प्रश्नात तो आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ज्याचे आकलन होऊ शकत नाही असे, म्हणजे ‘अनाकलनीय’. मुलं पाठ करतात, गुण मिळतात आणि आपण पुढच्या शब्दाकडे वळतो.

मीही अनेक वर्षं तेच केलं. पण एका मुलाने हा शब्द वाक्यात वापरला आणि तेव्हापासून माझ्या मनातला त्याचा अर्थ बदलला. ते वाक्य पुढे सांगते. आधी शब्दाकडे बघू.

हा शब्द सगळ्यांच्या तोंडी कसा आला?

आठवून बघा, २३ मे २०१९. लोकसभा निवडणुकीचा निकाल लागला आणि राज ठाकरे यांनी ट्विटरवर एकाच शब्दाची प्रतिक्रिया दिली : ‘अनाकलनीय!’ त्या दिवशी टीव्हीवर, मोबाईलवर, चहाच्या टपरीवर हाच शब्द होता. राजकारण इथे बाजूला ठेवू, तो आपला विषय नाही. पण आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका पालकांनी विचारलं, “मॅडम, याचा नेमका अर्थ काय हो? मुलगी विचारतेय.” मी लगेच लिहिलं, “समजण्यापलीकडचे.” त्यांनी अंगठा पाठवला आणि विषय संपला.

खरं तर विषय तिथे सुरू व्हायला हवा होता. समजण्यापलीकडचे, पण कोणाच्या समजण्यापलीकडचे? आणि आज पलीकडचे की कायमचेच? हे दोन प्रश्न मी त्या मुलीला विचारायला हवे होते. तेव्हा ते मलाच सुचले नव्हते.

शब्दाची फोड

अन् + आ + कल् + अनीय. ‘आकलन’ या शब्दात ‘कल्’ हा संस्कृत धातू आहे. त्याचा एक अर्थ मोजणे, गणना करणे असा आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त बेरजेला संकलित आणि वजाबाकीला व्यवकलित म्हटलं आहे. तिथेही हाच धातू. म्हणजे आकलन म्हणजे गोष्ट नीट मोजून, तिचे भाग पाहून ती आपल्या पकडीत घेणे. ‘अनीय’ या शेवटाचा अर्थ ‘तसे करण्याजोगे’ (वाचनीय म्हणजे वाचण्याजोगे). आधी ‘अन्’ लागला की नकार.

शुद्धलेखनाची एक गोष्ट. मुलं हमखास ‘अनाकलणीय’ असं लिहितात, कारण रमणीय, स्मरणीय हे शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. त्या शब्दांत आधी ‘र’ आहे म्हणून ‘ण’ झाला. अनाकलनीयमध्ये ‘र’ नाही, म्हणून ‘न’च राहतो. (दर्शनीयसारखे शब्द मात्र वेगळे वागतात, तो स्वतंत्र पाठाचा विषय आहे.)

जवळचे शब्द, पण सारखे नाहीत

आपण समानार्थी शब्दांच्या यादीत हे सगळे एकाच ओळीत लिहून देतो. प्रत्येकाची जागा मात्र वेगळी आहे.

अगम्य : जिथे जाता येत नाही, पोचता येत नाही असे. यात ‘गम्’ म्हणजे जाणे.

अगाध : ज्याचा तळ लागत नाही असे. खोल पाणी डोळ्यांसमोर आणा.

अतर्क्य : ज्याचा तर्क करता येत नाही असे.

अगोचर : डोळे, कान अशा इंद्रियांना जे जाणवत नाही असे.

गूढ : लपलेले, झाकलेले. ‘गुहा’ हा शब्द याच्याच घरातला, दोघांचा धातू ‘गुह्’, म्हणजे लपवणे.

गुहेचं नाव निघालंच आहे, तर आपल्या पांडवलेण्यांचंच उदाहरण घेऊ. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. सहलीला नेलं की मुलं भिंतीवरची अक्षरं बघून विचारतात, “मॅडम, ही कोणती भाषा?” ती लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कित्येक शतकं ही अक्षरं कोणालाच वाचता येत नव्हती. मग एवढी मोठी लेणी कोणी खोदली असतील? लोकांनी उत्तर शोधलं, पांडवांनी! नाव पडलं आणि आजही तेच आहे. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली. त्यानंतर हे लेख वाचता येऊ लागले आणि त्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री भेटली, नहपान राजाचा जावई उषवदात भेटला, बौद्ध भिक्खूंसाठी दिलेली दानं भेटली.

म्हणजे ती अक्षरं अनाकलनीय नव्हती. ती गूढ होती. झाकलेली होती आणि झाकण काढणारा भेटेपर्यंत वाट बघत होती. अर्थ दगडावर होताच. वाचणारा नव्हता.

हा फरक मी वर्गात छान समजावून सांगत असे. स्वतःच्या वर्गात तो पाळला मात्र नाही. आता ते वाक्य सांगते.

वहीतलं वाक्य

पाचवीचा वर्ग होता. गृहपाठ दिला, ‘अनाकलनीय’ हा शब्द वाक्यात वापरा. बऱ्याच मुलांनी ‘देवाची लीला अनाकलनीय आहे’ असं लिहून आणलं (गाईडमध्ये तेच आहे!). एका मुलाने लिहिलं होतं : “गणित हा विषय माझ्यासाठी अनाकलनीय आहे.”

मी बरोबरची खूण केली. वाक्य शुद्ध, शब्द योग्य जागी, ‘न’ सुद्धा बरोबर. वर ‘छान’ असंही लिहिलं.

त्याच दिवशी प्रगतिपत्रकासाठी वर्णनात्मक नोंदी लिहायला बसले होते. त्याच्या गणिताच्या रकान्यात मी लिहिलं, “संकल्पनांचे आकलन कमी. सरावाची गरज.” लिहून झाल्यावर पेन थांबलं. अरे, हे तर त्याचंच वाक्य! त्याने जे स्वतःबद्दल लिहिलं तेच मी त्याच्याबद्दल लिहिलं. पालकसभेत त्याचे वडील काय म्हणाले होते तेही आठवलं. “मॅडम, आमच्या घरात गणित कोणालाच आलं नाही. त्याच्या डोक्याच्या बाहेरचं आहे ते.” मुलगा शेजारीच उभा होता. आम्ही तिघांनी मिळून एक निकाल दिला होता आणि त्या निकालावर सगळ्यांचं एकमत होतं.

तरीही त्या दिवशी मी नोंद बदलली नाही. खरं सांगायला हरकत नाही, पस्तीस मुलांच्या नोंदी बाकी होत्या.

देवळालीचे गुरुजी

डिसेंबर उजाडला. २२ डिसेंबर म्हणजे राष्ट्रीय गणित दिन, श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. दरवर्षी आपण रामानुजन यांचं भाषण मुलांकडून पाठ करून घेतो. मी ठरवलं, यंदा आपल्या नाशिकच्या माणसाबद्दल सांगायचं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. शाळा सुटली की आकड्यांशी खेळायचं, एवढाच छंद. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा शोध मांडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या या शिक्षकाचं नाव जगभर गेलं.

शोध असा आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान संख्या करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणारच! (मध्ये शून्य आलं तर ते सोडायचं नाही, चार अंक पूर्ण ठेवायचे.)

कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊन पाहू :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या. आता ६१७४ वर पुन्हा तेच केलं तर ७६४१ − १४६७, म्हणजे परत ६१७४. संख्या तिथून हलतच नाही.

“मॅडम, माझा शून्य आला”

मुलांनी पाट्या काढल्या. ज्याने त्याने आपापली संख्या निवडली. कुणी गाडीचा नंबर, कुणी मोबाईलचे शेवटचे चार अंक. थोड्या वेळाने आरोळ्या सुरू झाल्या, “मॅडम, आला! सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर!” ज्यांचा आला नाही त्यांची कुठेतरी छोटी चूक होती, दुरुस्त केल्यावर त्यांचाही आला.

मग तो मुलगा पाटी घेऊन आला. “मॅडम, माझा शून्य आला.” मी म्हटलं, चुकलं असेल, दुसरी संख्या घे. पाच मिनिटांनी परत आला. “परत शून्य. मी म्हटलं होतं ना.”

त्या शेवटच्या तीन शब्दांनी मला पाटीकडे बघायला लावलं. आधी मी नुसतं उत्तर बघितलं होतं. पाटीवर हे होतं :

५४३२ − २३४५ = ३११३
३३११ − ११३३ = २२२२
२२२२ − २२२२ = ०

खरं उत्तर ३०८७. त्याचं ३११३. शिक्षकांनी जरा थांबून बघा, त्याने काय केलं? पाचातून दोन गेले तीन. चारातून तीन गेला एक. पुढे तिनातून चार जात नाहीत, तर त्याने चारातून तीन काढले, एक. दोनातून पाच जात नाहीत, तर पाचातून दोन काढले, तीन. प्रत्येक घरात वर-खाली न बघता मोठ्यातून लहान वजा. हातचा घेणं, दशक सुटा करणं त्याच्या हिशोबात नव्हतंच.

मी घरी जाऊन त्याच्या रीतीने दुसऱ्या संख्या करून पाहिल्या. १९०५ घेतली तर ९४४९, मग ५५५५, मग शून्य. कोणतीही संख्या घ्या, त्याच्या रीतीने तिसऱ्या वजाबाकीपर्यंत शून्य येणारच. कारण पहिल्या वजाबाकीत बाहेरचे दोन अंक एकसारखे येतात आणि आतले दोन एकसारखे. पुढच्या वेळी चारही अंक सारखे होतात. मग शून्यावाचून दुसरं काय येणार?

म्हणजे ज्या मुलाला आकलन नाही असं मी लिहिलं, तो एक नियम अगदी काटेकोरपणे पाळत होता. एकदाही न चुकता! नियम चुकीचा होता. आणि तो नियम त्याला दिला कोणी? पहिली-दुसरीत आपणच सांगतो ना, “लक्षात ठेवा, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं.” त्याने लक्षात ठेवलं. मी त्याला ‘सरावाची गरज’ लिहून दिली होती. सरावाने तोच चुकीचा नियम आणखी पक्का होत होता.

वर्षभर मी त्याच्या वजाबाकीवर फुल्या मारल्या, पण चुकलेलं उत्तर एकदाही वाचलं नाही. पांडवलेण्यांच्या भिंतीसारखंच झालं. अर्थ पाटीवर होता, वाचणारी नव्हती. त्याला गणित अनाकलनीय होतं की मला तो, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला.

६१७४ सुद्धा अनाकलनीय नाही

मुलांनी विचारलं, “मॅडम, हा जादूचा आकडा आहे का?” मी डी.एड. झालेली, गणितात पदवी नाही. पण उत्तर द्यायचं म्हणून बसले आणि जमेल तेवढं शोधलं.

उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड समजा. वजाबाकी केली की उत्तर नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) असं येतं. म्हणजे संपूर्ण संख्या महत्त्वाची नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे. बाहेरच्या दोन अंकांचा आणि आतल्या दोन अंकांचा. आतला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ होतात. शून्याने सुरू होणाऱ्याही धरल्या आणि चारही अंक सारखे असलेल्या सोडल्या तर ९९९० संख्या उरतात. त्या सगळ्या पहिल्याच वजाबाकीत या ५४ वाटांवर येऊन उभ्या राहतात. ५४ वाटा हाताने तपासता येतात. एक-दोन वह्यांची पानं लागतील, पण तपासता येतात. आणि सगळ्या वाटा ६१७४ लाच जातात.

म्हणजे जादू नाही, मोजणी आहे. ‘कल्’ म्हणजे मोजणे, हे वर लिहिलंच आहे. मोजलं की आकलन होतं. आणि आकलन झालं म्हणून त्यातली मजा कमी झाली का? मला तरी उलट वाटलं.

मग हा शब्द वापरायचाच नाही का?

वापरायचा. काही जागा त्याच्याच आहेत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील गेले. ती म्हणाली, “मॅडम, पप्पाच का?” विषाणू म्हणजे काय हे मी शिकवू शकते. पण तिचा प्रश्न तो नव्हता. तिथे मी गप्प बसले, तिचा हात धरला. ‘अनाकलनीय’ हा शब्द तिथे खरा आहे, कारण तो कोणाला कमी लेखत नाही. आपल्या संतांनीही ईश्वराला अगम्य, अगोचर म्हटलं ते नम्रतेने म्हटलं. आपली धाव किती, हे त्यांनी सांगितलं.

आपण मात्र हा शब्द पुष्कळदा कंटाळ्याने वापरतो. पटलं नाही की ‘निर्णय अनाकलनीय’. अभ्यास केला नाही की ‘प्रश्नपत्रिका अनाकलनीय’. मूल आपल्या पद्धतीने शिकलं नाही की त्याचं ‘आकलन कमी’. कुणी भोंदू हातचलाखी करून अंगारा काढतो, तेव्हा तर समोरच्याने तो शब्द उच्चारावा याचीच तो वाट बघत असतो. एकदा ‘अनाकलनीय’ म्हटलं की शोध थांबतो. म्हणून तो म्हणण्याआधी थांबावं, असं माझं मत आहे.

माझी विनंती

शिक्षकांना : ‘आकलन कमी’ ही नोंद लिहिण्याआधी त्या मुलाची पाच चुकलेली उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. चूक एकाच जातीची असेल तर त्यामागे नियम आहे आणि तो आपल्याला शोधता येतो. नोंदही तशीच लिहा : “हातच्याची वजाबाकी करताना मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो. दशक सुटा करण्याचा अनुभव द्यावा.” अशी नोंद वाचून पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला काय करायचं ते कळेल. आणि पहिलीत ‘मोठ्यातून लहान’ सांगताना अख्ख्या संख्येबद्दल बोलतोय, सुट्या अंकांबद्दल नाही, हे काड्या-गठ्ठे हातात देऊन दाखवा.

पालकांना : ‘त्याच्या डोक्याबाहेरचं आहे’ हे वाक्य मुलासमोर बोलू नका. त्याऐवजी ‘अजून’ हा छोटा शब्द वापरा. ‘अजून जमलं नाही.’ मूल आपली वाक्यं पाठ करतं, गाईडपेक्षा लवकर.

मुलांना वाक्यात उपयोग शिकवताना : ‘अनाकलनीय’ लिहिलं की दोन प्रश्न विचारा. कोणाला? आणि कधीपर्यंत?

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. चमत्कार वगैरे झाला नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन आम्ही ३२ − १५ पासून सुरुवात केली. आधी तो २३ म्हणायचा. गठ्ठा सोडून सुट्या काड्या मोजल्या तेव्हा १७ आले. तो थोडा वेळ काड्यांकडेच बघत राहिला. मग म्हणाला, “पण मोठ्यातून लहान वजा करायचं ना?” दोन आठवडे गेले. जानेवारीत त्याच पाटीवर, त्याच ५४३२ पासून, तिसऱ्या पायरीला ६१७४ आला. भागाकारात तो अजून अडखळतो. त्याची चुकलेली उत्तरं मी सध्या वाचतेय.

आणि ती नोंद मी बदलली.

तुमच्या वर्गातही अशी एखादी ‘अनाकलनीय’ चूक असेल तर जरूर लिहा. आपण सगळे मिळून वाचू.